कोंबडीने घोडा खाल्ला

१२ नोव्हेंबर १९७९, सोमवार. मोखाडा

दिवाळीची सुट्टी संपली एकदाची. सकाळच्या एस.टी.ने जव्हारहून परत आले आणि खोलीचं कुलूप उघडताना हायसं वाटलं. आईने सुट्टीभर डोकं उठवलं. या खेपेचं स्थळ नाशिकचं, पाटबंधारे खात्यातलं, बिजवर. त्याचा फोटो तिने देवघरात ठेवला होता, म्हणजे मी नमस्काराला वाकले की दिसावा! "विजू, चौतिसावं लागलं तुला," म्हणाली. मला जसं माहीतच नव्हतं. मावसबहिणीच्या लग्नाला गेले नाही म्हणून वेगळी बोलणी खाल्ली. गेले असते तर मांडवभर बायका माझ्याकडे सुतकाला आल्यासारख्या बघत बसल्या असत्या. नकोच ते. लग्न या शब्दाचाच मला उबग आलाय.

उद्यापासून दहावीचे जादा तास. गेल्या वर्षी ही पोरं गणितात तरली आणि मराठीत बुडाली. मराठीत! आमचे मुख्याध्यापक पिंगळेसर तेव्हापासून माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघतात. निकाल मी खाल्ला असं त्यांना वाटत असावं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

वाक्यशुद्धी. कप्पाळ माझं! गाइडात एक उतारा आहे. दिवाणखान्यातलं जुनं तैलचित्र, त्याची दुरवस्था, आणि त्यावर अशुद्ध वाक्यं. 'चित्राची रंग फिकट पडला', 'चौकटीला वाळवीने लागली' असली. शुद्ध करून लिहा म्हणे. पहिल्याच वाक्याला सकूचा हात वर. "बाई, दिवाणखाना म्हंजे?" सांगितलं. "तैलचित्र म्हंजे?" तेलात रंग कालवून काढलेलं चित्र. मागच्या बाकावरून एक दिवटा म्हणतो, "खायाचा तेल, बाई?" मी खडू फेकून मारला. तो भिंतीला लागून मोडला, आणि खडूंची पेटी असते पिंगळेसरांच्या कपाटात, कुलपात.

तास संपला तरी एक वाक्य धड झालं नाही. ही पोरं घरी वारली बोलतात, कोकणी बोलतात, ठाकरी बोलतात. मराठी त्यांना गणवेशासारखी, सकाळी चढवायची आणि संध्याकाळी काढून दोरीवर टाकायची. कधी कधी वाटतं मी भिंतीशीच बोलतेय.

जेवताना एकदम सुचलं. भिंत! यांच्या घरी भिंतीवर चित्रं असतातच की. लग्नात तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो मग आपोआप झडेपर्यंत तसाच असतो. म्हणजे जुनं चित्रही आलं आणि दुरवस्थाही आली. दिवाणखाना गेला खड्ड्यात. ज्याने त्याने आपल्या घरच्या चौकावर वाक्यं करायची आणि आपण ती फळ्यावर सुधारायची. स्वतःवरच खूश झाले, बऱ्याच दिवसांनी.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

युक्ती लागू पडली म्हणू की अंगावर आली म्हणू, कळत नाही. तोंडं उघडली एवढं खरं.

हौशीला फळ्यापाशी बोलावलं. ही पोशेऱ्याची पोर, राहते माझ्या वसतिगृहात. (मुलींचं वसतिगृहही माझ्याच गळ्यात आहे.) अक्षर गचाळ, पण डोकं आहे. यंदा दहावी सुटली तर तिला जव्हारच्या अध्यापक विद्यालयात घालायची, हे मी मनाशी पक्कं केलंय. नाही सुटली तर आईबापामागोमाग वीटभट्टी, दुसरं काही नाही. हे तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर ती दिव्याखाली डोळे फोडत बसते. तिने खडू घेतला आणि लिहायला लागली.

'पावसाने भिंतीला ओल आली.' ठीक. 'धुराने चौक काळा पडला.' शाब्बास. 'कोंबडीने घोडा खाल्ला.'

"हे काय गं?"

"खाल्ला, बाई."

"कोंबडीने? घोडा?"

"हो, बाई. मुंडी राहिलीय."

वर्गात कोणी हसेना. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, आणि कोंबडी घोडा खातेय! मी त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, अर्थदोष. चौथं वाक्य त्याहून वरताण. 'माझ्या आईचे लग्न झाले तेव्हा हा चौक काढला.'

"आईच्या लग्नाला तू हजर होतीस वाटतं?" मी विचारलं.

"होते, बाई."

"काय करत होतीस?"

"हळद वाटली."

मला हसू आवरेना. एकटीच हसले, कारण वर्गाला त्यातली गंमतही कळली नाही. सगळे आपले गंभीर तोंडाने बसून. मनात एक असतं आणि लिहितात भलतंच. मी 'आईचे' खोडलं आणि वाक्य नीट करून दिलं, 'घरात लग्न झाले तेव्हा आईने हा चौक काढला.' तर बाईसाहेब म्हणतात, "आयनं नाय, बाई. सवासनींनी." म्हटलं, तोंड बंद कर आणि उतरवून घे. घेतलं उतरवून. पोर गुणी आहे, पण वाक्यातला कर्ता तिला कधी सापडायचा देव जाणे.

४ डिसेंबर, मंगळवार

हौशी शनिवारी घरी गेली ती परत आलीच नाही. सकू म्हणते, "घरी काम हाय." पूर्वपरीक्षा तोंडावर आणि हिला काम!

आईचं पत्र. नाशिकवाले बघायला यायचं म्हणतात. उत्तर पाठवलेलं नाही, पाठवणारही नाही.

९ डिसेंबर, रविवार

पोशेऱ्याला जाऊन आले. चपलेचा अंगठा तुटला, पाय सुजलेत. आणि हे सगळं कशासाठी, तर फसवून घ्यायला.

घरात शिरले तर समोरच्या भिंतीवर चौक. पांढऱ्या रेघा जागोजागी सुटलेल्या, कोपऱ्यात ओलीने पोपडे आलेले, वर धुराची काजळी. आणि खालच्या अंगाला घोड्याची नुसती मुंडी. बाकीचं सगळं पीठ कोंबडीने टोचून टोचून खाल्लेलं. एक कोंबडी तिथेच उभी होती, माझ्याकडे मान वाकडी करून बघत. म्हणजे ते वाक्य बरोबर होतं. तेवढं मानलं मी.

पण पुढे जे बघितलं त्याने माझं डोकंच फिरलं. हौशी लुगड्यात. हातात हिरव्या बांगड्या, वसतिगृहात कधी न दिसलेल्या. एका दांडग्या तरुण पोराला भाकरी वाढत होती, आणि तोही आपल्याच घरात असल्यासारखा मांडी ठोकून जेवत होता. मला बघताच ती गडबडून उठली. आई, रुपी, रानात गेलेली. बाप मंगळू अंगणात तापाने पडला होता. त्याला विचारलं, "घरात लग्न झालं का हो?"

"झाला ना, बाय! वैशाखात झाला," म्हणाला आणि तेवढ्या तापातही लाजून हसला.

घरात मुलगी एकच. बाकीची दोन शेंबडी पोरं. आणखी काय विचारायचं? "बाई, बसा ना, चहा ठेवते," हौशी मागे मागे येत होती. मी पाण्यालासुद्धा शिवले नाही.

म्हणजे वैशाखात लग्न उरकून जूनमध्ये ही माझ्या वसतिगृहात येऊन राहिली, आणि मी मूर्ख तिला अध्यापक विद्यालयात घालायला निघाले होते. सोळा वर्षांची पोर, बापाने बांधून टाकली आणि हसतो मेला. सगळ्यांना एकच घाई, इथे काय आणि जव्हारला काय! परत येताना रस्ताभर मला रडू येत होतं, रागाने.

१० डिसेंबर, सोमवार

हौशी आज हजर. गणवेशात, बांगड्यांसकट. मी दारातच अडवलं.

"घरात लग्न झालं की नाही? हो की नाही, एवढंच बोल."

"हो, बाई."

"वैशाखात?"

"हो. पण बाई..."

"एक अक्षर नको. मला सांगायला हवं होतंस."

तिने मान खाली घातली. लग्न झालेल्या मुलीला वसतिगृहात ठेवता येत नाही, नियम आहे. पिंगळेसरांनी दुपारच्या आत नाव कमी केलं. असली कामं त्यांना फार झटपट जमतात. तिने ट्रंक डोक्यावर घेतली. जाण्याआधी वाकून नमस्कार केला. तो तिने करायला नको होता.

२० डिसेंबर, गुरुवार

वर्ग मेलाय. वाक्यं करा म्हटलं की गाइडातली उतरवतात. सकूला म्हटलं, तुझ्या घरच्या चौकावर बोल. "आमच्याकडं चौक नाय, बाई." का नाही? "राहिलाय," म्हणाली. काय राहिलाय ते विचारायचं मला त्राण नव्हतं.

हौशीच्या घरची सगळी वसईकडे भट्टीवर गेली असं कळलं. जाईनात का. मी काय जगाचा मक्ता घेतलाय? तिच्या जागी दुसरी मुलगी आली वसतिगृहात. ती दिवा लवकर मालवते.

२४ जानेवारी १९८०, गुरुवार

बाजारात मदीनाआपा भेटली. जव्हारला आमच्या मागच्याच आळीत राहते. बांगड्यांची टोपली घेऊन इथल्या बाजाराला येते, पाड्यांवर लग्नाघरीही जाते. मला लहानपणापासून तीच बांगड्या भरायची. "विजू, तुझी ती पोशेऱ्याची हुशार पोर कशी आहे?" तिने विचारलं.

"कसली हुशार! लग्न करून बसली."

"या अल्ला! कधी?"

"कधी काय, वैशाखात. तूच गेली असशील बांगड्या भरायला."

"गेले होते ना. पण नवरी तर रुपी होती. हौशीची आई."

मी हातातली भाजी खाली टेकवली. ती हसायला लागली. "अगं, यांच्यात असंच असतं. आधी संसार मांडतात, पोरं होतात. मग चार पैसे हाताशी आले, पीक बरं आलं, की लग्न लावतात. कोणाचं पाच वर्षांनी, कोणाचं वीस वर्षांनी. कोणी नाव ठेवत नाही. पोरीने एवढी हौसेने आईला हळद लावली, तिलाही भरल्या मी बांगड्या. इतकी वर्षं इथे मास्तरीण तू, आणि तुला ठाऊक नाही?"

"मला कोणी सांगितलंच नाही," मी म्हटलं आणि उठले. घेतलेली भाजी तिच्या टोपलीपाशीच राहिली.

दुपारपासून नुसता जीव जळतोय. पण मी म्हणते, त्या कार्टीने तोंड का उघडलं नाही? 'बाई, माझं नाही, आईचं,' एवढं म्हणायला काय झालं होतं तिला?

२५ जानेवारी, शुक्रवार

पिंगळेसर म्हणाले, कमी केलेलं नाव परत घ्यायचं तर लेखी कारण द्या. त्यांच्यासमोर बसून लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीच्या घरी झालेले लग्न तिचे नसून तिच्या आईचे होते.' सरांनी वाचलं. लाल पेन उघडलं. 'आईचे' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"तुम्ही मराठीच्या शिक्षिका, बाई. हे काय वाक्य झालं? बहिणीचे म्हणायचंय का?"

"आईचेच."

"अहो, पोरीच्या डोळ्यांदेखत आईचं लग्न? काहीतरीच काय!" आणि हसत सुटले, एकटेच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे असं हसणं मी मागे कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं, पण आठवेना. परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी कंटाळून म्हणाले, बोर्डाचा अर्ज तिचा आधीच गेलाय, परीक्षेला बसू दे, पण वसतिगृहातली जागा आता नाही. म्हटलं, माझ्या खोलीत ठेवीन. "तुमची मर्जी," म्हणाले. हो, माझीच मर्जी!

२७ जानेवारी, रविवार

पहाटेच्या गाडीने वसईला गेले. भट्टी शोधेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. हौशी डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चालत होती. मला बघून थांबली नाही; विटा रचून आली आणि मगच समोर उभी राहिली. केसांत तांबडी धूळ, हातात एकही बांगडी नाही.

मी गेले होते माफी मागायला. पण तिला बघितलं आणि ओरडलेच. "तू बोलली का नाहीस गं मला? एक शब्द तरी!"

"सांगला होता, बाई."

"केव्हा सांगितलंस?"

तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि हातात धरली. "फळ्यावर लिवला होता. तुम्ही खोडला."

"मंग मला वाटला, बोललो तं पन चूकच व्हईल," ती म्हणाली. रागाने नाही, वर्गात उत्तर द्यावं तसं.

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसले आणि रडले, सगळ्या बायाबापड्यांसमोर. रुपी धावत आली. ही रुपी! माझ्याच वयाची असेल, फार तर वर्षाने मोठी. तिने पाटी पालथी घालून मला त्यावर बसवलं, पाणी दिलं. या खेपेला प्यायले. मग डोळे पुसत मी वेड्यासारखी एकेक विचारत बसले. तो जेवणारा पोर कोण होता? "मामा. बाला ताप होता, तं भात झोडाया आलता." आणि लुगडं का नेसली होतीस? "गणवेश धुतला होता, बाई. सोमवारी यायाचा होता ना शाळेत." आणि त्या बांगड्या? "आयच्या लग्नातल्या. घरी गेलो का घालतो, त्या दिशी काढाया राहिल्या."

मुकादम कुरकुरला, आठवडा भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. हौशी मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. "हा आठवडा भरला का मी येईल, बाई." 'येईन' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.

४ फेब्रुवारी, सोमवार

आली! ट्रंक माझ्या खाटेखाली सरकवली आणि आधी विचारलं, पूर्वपरीक्षेत काय काय आलं होतं.

तासाला फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझ्या आईचे लग्न झाले तेव्हा हा चौक काढला.' वर्गाला म्हटलं, हे वाक्य मी खोडलं होतं. ते शुद्ध आहे. चूक हौशीची नव्हती, माझी होती. पोरं तेही वाक्य वहीत उतरवायला लागली. हौशी वहीत बघत बसली होती. मला वाटलं, झालं, आता हे माझ्याशी कधीच बोलायचे नाहीत.

मग सकूने हात वर केला. "बाई, आमच्या आयचा औंदा हाय. होळी झाल्यावर."

मागच्या बाकावरचा तो तेलवाला म्हणाला, "आमचा राहिलाय अजून. बा म्हनतो पुढल्या साली."

आणि मग सगळेच बोलायला लागले. कोणाच्या आईचं झालंय, कोणाचं राहिलंय, कोणाच्या चौकातला देव मुंग्यांनी नेला, कोणाच्या भिंतीवर नुसती सूर्याची अर्धी चकती उरलीय. इतकी मराठी या वर्गात मी पहिल्यांदा ऐकली. म्हटलं, लिहा, सगळं लिहा. लिहिलं त्यांनी. विभक्तीच्या चुका ढीगभर. त्या मात्र एकूण एक काढल्या, कोणाला सोडलं नाही.

१२ मार्च, बुधवार. जव्हार

आज मराठीचा पेपर. केंद्र जव्हारला, म्हणून हौशी आमच्याच घरी उतरली आहे. आईने नाशिकच्या फोटोचा विषय अजून काढलेला नाही. तिला सध्या हौशीच्या केसांना तेल लावण्यातून सवड नाही.

हौशीला आत सोडून मी शाळेच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने बघते तर समोर रुपी. भट्टीवरून एक दिवस मागून घेऊन एस.टी.ने आली होती, धुतलेलं लुगडं नेसून. माझ्याशेजारी बसली.

"आत काय करत असल आता?"

"वाक्यं सुधारत असेल."

"चुकल का?"

"नाही चुकायची," मी म्हटलं, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. ती सारखी हात पदराला पुसत होती.

मग रुपीने विचारलं, "बाय, तुमचा लगीन?"

या गावात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की विचारणारीने तोंड उघडायच्या आधीच मी उठून जाते. आज उठले नाही. ती नुसतं विचारत होती, भात कापला का, असं विचारावं तसं.

"राहिलंय," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. कनवटीची पुरचुंडी सोडली आणि भाजलेले हरभरे अर्धे माझ्या हातावर ठेवले. "माझा पन लय दिस राहिलाता."

आम्ही हरभरे खात बसलो. मग घंटा झाली, दार उघडलं, आणि आम्ही दोघी हौशीला घ्यायला उठलो.